तांब्याची गोळी, तीन नळ्या आणि पासो रोब्लेसची डुकरं

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत लोणच्याची एक रिकामी बरणी आहे. तिच्यात पाच गोळ्या ठेवल्यात. पाचही तांब्याच्या, पाचही कुठल्या ना कुठल्या जनावराच्या अंगातून काढलेल्या. चार उमललेल्या आहेत, कण्हेरीच्या फुलासारख्या पाकळ्या मागे वळलेल्या. पाचवी मात्र जशी नळीतून सुटली जवळजवळ तशीच, टोकाला जराशी चेपलेली. तांब्याच्या गोळीने शिकार करायला रायफल कुठली घ्यावी, याचं हे परीक्षण मी त्या पाचवीमुळे लिहितोय.

मी मूळचा दापोली तालुक्यातला. भोसरीच्या एमआयडीसीत अकरा वर्षं टर्नर होतो, आणि गेली सोळा वर्षं सांता क्लाराजवळच्या एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर आहे. शिकारीचा परवाना काढला २०२१ मध्ये, हंटर एज्युकेशनचा कोर्स करून. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाची गोळी १ जुलै २०१९ पासून सरसकट बंद झाली, त्यामुळे मी जनावरावर शिशाची गोळी एकदाही चालवलेली नाही. शिशाशी संबंध आला तो लहानपणीच. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती आणि घरात जाळ्याला लावायच्या शिश्याच्या मण्यांची पिशवी. आम्ही पोरं ते मणी दातांनी चावून चेपायचो. कोणी ओरडायचं नाही. आता ते आठवलं की पोटात गोळा येतो.

तर प्रश्न असा: तांब्याच्या गोळीने डुक्कर किंवा हरीण मारायचं, तर रायफल कुठल्या कॅलिबरची, म्हणजे किती जाड गोळीची, घ्यावी? दुकानात विचारलं तर काउंटरवरचा माणूस म्हणतो, काहीही घ्या, नेम चांगला असला म्हणजे झालं. व्हिडिओवाले म्हणतात ६.५ क्रीडमोर. म्हातारे म्हणतात .३०-०६, आणि वाद तिथेच संपवतात. आमच्या घरात तीन नळ्या आहेत, म्हणजे कॅलिबर तीन: बायकोची .२४३ विंचेस्टर, माझी .३०८ विंचेस्टर आणि फ्रेझ्नोला राहणाऱ्या मेहुण्याची ६.५ क्रीडमोर, जी हंगामात आमच्याकडेच मुक्कामाला असते, मेहुण्यासकट. चार हंगामांत मिळून एकोणीस जनावरं झाली, चौदा डुकरं आणि पाच हरणं. एकोणीस हा आकडा कुठल्याही शास्त्रज्ञाला हसू आणेल एवढा छोटा आहे, हे मला ठाऊक आहे. पण प्रत्येक जनावर मी स्वतः सोललंय, प्रत्येक भोक व्हर्नियरने मोजलंय आणि किती पावलं पळालं ते वहीत लिहिलंय. मशीन शॉपची सवय.

आधी गोळीचं सांगतो, कारण कॅलिबरचा सगळा खेळ तिथे आहे.

शिशाची शिकारी गोळी म्हणजे तांब्याच्या पातळ सालीत भरलेलं शिसं. जनावराला लागली की ती चेपते, पसरते आणि बरंचसं शिसं कणाकणाने उडतं. तेच कण मांसात आणि आतड्यांत राहतात आणि तेच गिधाडाच्या पोटात जातात. पण शिकाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्या कणांनी एक कामही होत होतं. गोळी जिथून गेली तिच्या आजूबाजूलाही फाडत जायची. गोळी बारीक असली तरी जखम रुंद व्हायची.

तांब्याची गोळी सगळी एकसंध. टोकाला खोल भोक, बहुतेकींत त्या भोकावर प्लास्टिकची टोपी, आणि अंगावर दोन-तीन आडव्या खाचा, ज्यामुळे नळीत घासून दाब वाढत नाही. अमेरिकेत बार्न्स कंपनीने १९८९ मध्ये एक्स नावाची अशी गोळी बाजारात आणली, आणि आजच्या बहुतेक कंपन्यांच्या गोळ्या त्याच वाटेने आल्या. जनावराला लागताच रक्ता-मांसाचा दाब त्या टोकाच्या भोकात शिरतो आणि गोळी चार पाकळ्यांनी उलटी उमलते. तुटत नाही. तांबं किती चिवट असतं ते लेथवर तांबं चालवलेल्या माणसाला विचारा. टूलला चिकटतं, लांबच लांब चिप काढतं, पण तुकडा म्हणून पडत नाही. बरणीतल्या गोळ्या मेहुण्याच्या काट्यावर तोलल्या, तर एकीनेही सुरुवातीच्या वजनातलं दोन ग्रेनपेक्षा (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, साधारण पंधरा ग्रेनचा एक ग्रॅम) जास्त गमावलेलं नाही.

यातून जे निघतं ते मला कळायला दोन हंगाम लागले. गोळी तुटतच नसेल, तर जखम तिच्या उमललेल्या रुंदीएवढीच आणि त्या भोवतीच्या दाबाएवढीच. उमललेली रुंदी साधारण मूळ जाडीच्या दुपटीला जाते, त्यापुढे जात नाही. म्हणजे शिशाच्या जमान्यात बारीक कॅलिबरचं जे उणेपण कण उडून झाकलं जायचं, ते तांब्याने उघडं पाडलं. माझ्या मेहुण्याला हे अजून पटलेलं नाही. तो आधी टेक्सासमध्ये होता. तिथे शिसं चालतं, आणि तिथे त्याने .२४३ ने, शिशाच्या शंभर ग्रेनच्या गोळीने, बक्कळ डुकरं जागच्या जागी पाडलेली आहेत. म्हणूनच तर माझ्या बायकोला त्याने .२४३ घ्यायला लावली. "ताईला धक्का बसणार नाही आणि डुक्कर हलणार नाही," असं होतं त्याचं म्हणणं. पहिलं खरं ठरलं.

आता .२४३ बद्दल. ही आणि .३०८ एकाच आईची लेकरं. .३०८ आली १९५२ मध्ये, आणि १९५५ मध्ये तिच्याच काडतुसाच्या पितळी केसची (नळकांड्याची) मान आवळून .२४३ केली. दारूला जागा तेवढीच, फक्त पुढे बसणारी गोळी बारीक, ६.२ मिलिमीटर. .३०८ ची ७.८. तुलना करायला याहून चांगली जोडी मिळणार नाही. तांबं शिशापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी करायची तर ती लांब करावी लागते. लांब गोळीला नळीत जास्त पीळ (आतल्या वळणदार खाचांचा, गोळीला फिरवणारा) हवा, नाहीतर ती हवेत डगमगते. .२४३ च्या बहुतेक रायफलींना दहा इंचांत एक वेढा असा पीळ असतो, त्यामुळे शिशात शंभर ग्रेन चालायचे तिथे तांब्यात ऐंशी किंवा पंच्याऐंशीवर यावं लागतं. आम्ही ऐंशी ग्रेन वापरतो. वेग मात्र भन्नाट, पेटीवर सेकंदाला तेहतीसशे फुटांच्या वर लिहिलेला असतो.

बायकोने या नळीने पाच जनावरं घेतली. पहिलं हरीण, किनाऱ्याकडच्या डोंगरातलं काळ्या शेपटीचं, नव्वद यार्डांवर, खांद्यामागे. चाळीस पावलं गेलं आणि बसलं. डुकरांच्या दोन माद्या, पंचेचाळीस-पन्नास किलोच्या, बार्लीच्या कापलेल्या शेताच्या कडेला. तीस पावलं आणि साठ पावलं. इथपर्यंत मी मेहुण्याला शाबासकी देत होतो.

मग आला तो नर. पासो रोब्लेस गावाच्या पूर्वेला एका रँचवर, ऑक्टोबरातली संध्याकाळ, साठ यार्ड. आम्ही अंदाज केला नव्वद किलोचा. कॅलिफोर्नियातल्या या डुकरांत सुटलेल्या पाळीव डुकरांचं रक्त आहे, आणि १९२० च्या दशकात मॉन्टेरे काउंटीत युरोपातली रानडुकरं आणून सोडली त्यांचंही. मोठ्या नराच्या खांद्यावर घट्ट, चिवट कातडीची ढाल असते, बोटभर जाड, सुरीला दाद न देणारी. बायकोने खांदा टाळून मागे फासळीत गोळी घातली, अगदी कोर्सात शिकवलं तशी. डुक्कर हुंकारलं आणि गेलं. एकशे ऐंशी पावलं. रक्त पहिली पन्नास पावलं अजिबात नाही, कारण भोक छोटं आणि वर चरबीचा थर, तो पडद्यासारखा मिटला. मग थेंब थेंब. आणि गेलं कुठे, तर पॉयझन ओकच्या जाळीत. पॉयझन ओक म्हणजे आपल्या बिब्ब्याचाच भाऊबंद, एकाच कुळातला. पुढचे दहा दिवस मी दोन्ही हात उतल्यासारखे घेऊन मशीनवर उभा होतो. गोळी पलीकडच्या कातड्याखाली सापडली, छान उमललेली, पाकळ्यांच्या टोकांपाशी ११.४ मिलिमीटर. गोळीने तिचं काम चोख केलं होतं. ते कामच तेवढं होतं.

पाचवं जनावर म्हणजे बरणीतली ती न उमललेली गोळी. त्या वेळी नेहमीची पेटी मिळाली नाही म्हणून दुसऱ्या एका कंपनीची घेतली. नाव लिहीत नाही, कारण एका गोळीवरून कंपनीला नावं ठेवणं बरोबर नाही. त्यात प्लास्टिकची टोपी नव्हती, नुसतं भोक, आणि ते भोक मी नंतर पिन गेजने मोजलं तर दोन मिलिमीटरही भरलं नाही. एकशे चाळीस यार्डांवर एक मादी समोरासमोर उभी होती. गोळी छातीत शिरली आणि सगळं अंग पार करून मागच्या मांडीच्या कातड्याशी थांबली. बाहेरून ६.५ मिलिमीटर, म्हणजे मूळ जाडीपेक्षा केसभर जास्त. बहुधा शिरताना हाडाने किंवा केसांच्या गोळ्याने टोकाचं भोक बुजवलं असावं. डुक्कर आम्ही दीड तास शोधलं, कुत्र्याच्या मदतीने मिळालं. बायको त्या रात्री जेवली नाही.

टर्नर म्हणून मला यात कॅलिबरचा दुसरा पैलू दिसतो, ज्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. गोळी जितकी बारीक, तितकं तिच्या टोकाला भोक पाडायला कमी जागा. भिंत किती पातळ ठेवायची यालाही मर्यादा, नाहीतर नळीतच फाटेल. म्हणजे बारीक कॅलिबरमध्ये उमलायची यंत्रणाच लहान आणि नाजूक. .३०८ मध्ये हातभर जागा असल्यासारखं काम करता येतं. त्यामुळे बारीक नळी घ्यायचीच असेल तर टोपी असलेलीच गोळी घ्या. टोपी आत ढकलली जाते आणि पाकळ्यांना पहिला रेटा तीच देते. चार डॉलर वाचवायला जाऊ नका.

मेहुण्याच्या ६.५ क्रीडमोरबद्दल थोडक्यात, कारण तो स्वतः तिच्याबद्दल पुरेसं बोलतो. गोळी ६.७ मिलिमीटर, वजन एकशे वीस ग्रेन, पेटीवरचा वेग एकोणतीसशे फुटांच्या आसपास. नळीला पीळ आठ इंचांत एक, म्हणून लांब तांब्याची गोळी तिला सहज पेलते. नेमबाजीच्या मैदानावर ही तिघींत सगळ्यात गुणी, यात वाद नाही. शंभर यार्डांवर पाच गोळ्या एका पेढ्याखाली झाकल्या जातील अशा बसतात. सहा जनावरं, चार डुकरं नि दोन हरणं. डुकरं तीस ते नव्वद पावलांत आडवी झाली. पहिलं हरीण पंचवीस पावलांत. दुसरं त्याने तीनशे दहा यार्डांवर मारलं. मी नको म्हणत होतो.

"दाजी, साडेसहाला वारा लागत नाही," तो म्हणाला.

वारा नाही लागला. गोळी बरोबर जागी बसली. पण तिथे पोहोचेपर्यंत वेग तेवीसशेच्या आत आला होता आणि बाहेर पडतानाचं भोक माझ्या करंगळीएवढं. हरीण उतारावरून एकशे दहा पावलं खाली गेलं आणि ते वर आणायला आम्हाला तीन तास लागले, ऑगस्टच्या उन्हात, अडतीस डिग्रीत. तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना उमलायला साधारण अठराशे फुटांचा वेग लागतो, म्हणजे तेवीसशेला ती उमलतेच. पण उमलणं आणि दणकून उमलणं यात फरक आहे. जवळून मारलेल्या डुकरातली त्याची एक गोळी बरणीत आहे, १२.६ मिलिमीटर. लांब पल्ल्याची गंमत ज्याला करायची त्याने करावी. माझ्या वहीत मात्र कागदावरची ६.५ आणि जनावरातली ६.५ या दोन वेगळ्या रायफली आहेत.

आता माझी .३०८. इथे मी स्वतः शेण खाल्लं, तेही सांगतो.

नळी अठरा इंचांची, आखूड, झाडीत अडकू नये म्हणून घेतलेली. पहिल्या हंगामात मी सगळ्या नवशिक्यांसारखा विचार केला: डुक्कर दणकट, तर गोळी जड हवी. एकशे अडुसष्ट ग्रेन घेतली. तीन डुकरं झाली, तिन्ही मेली, तिन्ही सत्तर ते शंभर पावलं पळून. .२४३ पेक्षा रक्ताचा माग चांगला, पण मला वाटलं होतं की खांद्याला एवढा धक्का देणारी रायफल डुकराला जागीच झोपवेल. एक गोळी मिळाली, ती पाहून डोकं खाजवलं. जेमतेम १२.४ मिलिमीटर उमललेली. म्हणजे कॅलिबर मोठं असून फूल मेहुण्याच्या बारीक गोळीहून लहान.

मग त्याच्या क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर, मोजलं. आखूड नळीमुळे वेग मिळत होता पंचवीसशे वीस. पेटीवर लिहिलेला आकडा चोवीस इंची नळीचा असतो, हे बारीक अक्षरात. दुकानातून एकशे तीस ग्रेनची पेटी आणली. तीच नळी, तोच माणूस, वेग एकोणतीसशे वीस. शिशात कोणी डुकरावर .३०८ मधून एकशे तीस ग्रेन चालवायला धजावत नसे, कारण हलकी गोळी वरच्यावर फुटून जायची. तांबं फुटत नाही, म्हणून ती भीती उरत नाही. वजन कमी केलं तरी ती आत जातेच, आणि मिळालेल्या वेगाने जास्त उमलते.

त्यानंतर या नळीने पाच जनावरं, तीन डुकरं आणि दोन हरणं. दोन जागच्या जागी, उरलेली तीन चाळीस पावलांच्या आत. पाचांपैकी एकच गोळी अंगात राहिली, एका मोठ्या नराच्या दोन्ही खांद्यांतून जाऊन पलीकडच्या ढालीत रुतलेली. १५.३ मिलिमीटर, वजन १२८.७ ग्रेन. हीच बरणीतली माझी आवडती. तिच्या आणि बायकोच्या उमललेल्या गोळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढलं तर ही पावणेदोन पटीहून जरा जास्त भरते. पितळी केस त्याच मापाची, फरक फक्त पुढच्या गोळीच्या जाडीचा.

इथे एक कबुली द्यायला हवी. एकशे तीसवर आलो त्याच सुमारास मी नेमाची जागाही बदलली. खांद्यामागे फासळीत मारायचं सोडून पुढे, खांद्याच्या हाडावर मारायला लागलो. शिशाच्या गोळीने खांद्यावर मारलं तर पुढचा अर्धा पाय रक्ताळून वाया जायचा, म्हणून जुने लोक नको म्हणतात. तांब्याने तेवढा नास होत नाही, भोकाच्या दोन बोटं बाजूचं मांसही खाता येतं, आणि हाड मोडलं की जनावर पळेल कशावर? पण यामुळे माझा हिशेब बिघडला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे भोसरीत पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. त्यामुळे जागीच पडलेल्या दोन डुकरांचं श्रेय किती वजनाला, किती वेगाला आणि किती खांद्याला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. फुलाची रुंदी मात्र व्हर्नियरवर आहे, तिच्याशी खांद्याचा संबंध थोडाच. थोडा आहे, हाडाने गोळी जास्त उलटते. असो.

जर्मनीत हा वाद कायद्यानेच मिटवलाय म्हणे, असं मेहुण्याला एकदा ऐकवलं. तिथे छोट्या रो हरणापेक्षा मोठ्या जनावराला, डुक्कर धरून, गोळी किमान साडेसहा मिलिमीटरची आणि शंभर मीटरवर दोन हजार जूल ऊर्जेची लागते. .२४३ त्यात बसतच नाही. कॅलिफोर्नियात कॅलिबरची अशी खालची मर्यादा नाही. सेंटरफायर (बुडाच्या मधोमध पेटणारं) काडतूस आणि उमलणारी गोळी, एवढंच. तेव्हा इथे शहाणपण आपापलं आणायचं.

.३०८ चे तोटेही आहेत. धक्का .२४३ च्या मानाने चांगलाच, एकशे तीसमध्ये एकशे अडुसष्टपेक्षा कमी वाटतो, पण तरी. आणि गोळी आरपार जाते. पाचांपैकी चार वेळा गेली. कळपातल्या जनावरावर नेम धरताना मागे काय आहे हे शिशाच्या वेळेपेक्षा जास्त पाहावं लागतं. एकदा मी चापावर बोट नेलं होतं आणि मेहुणा कुजबुजला, "दाजी, थांबा, मागे पिलं आहेत." ते त्याचं माझ्यावर कायमचं उधार.

पैशांचं. वीस काडतुसांची शेवटची पेटी मला अठ्ठावन्न डॉलरला पडली, त्यावर विक्रीकर आणि वर जुलै २०२४ पासून लागलेला राज्याचा अकरा टक्के कर. .२४३ आणि .३०८ मध्ये फरक दोन-तीन डॉलरचा, त्यावर निर्णय करू नये. सरावाला स्वस्त शिशाची काडतुसं मैदानावर चालतात, बंदी जनावरावर मारण्यापुरती आहे. पण तांबं आणि शिसं एका जागी बसत नाही. माझ्या नळीत शंभर यार्डांवर चार बोटांचा फरक पडतो. हंगामाआधी नळी चकचकीत धुवा आणि शेवटच्या वीस गोळ्या तरी तांब्याच्याच मारा. आणि शिशाचं एकही काडतूस गाडीत विसरू नका, शिकारीला निघताना खिसे दोनदा तपासा.

कोणी विचारेल, एवढा खटाटोप असेल तर शिसं बरं नव्हतं का? मी दोन गोष्टी सांगतो. एक, पिनॅकल्स नॅशनल पार्कच्या कड्यांवर मी कॉन्डॉर, म्हणजे इथलं मोठं गिधाड, पाहिलाय, पंखांवर नंबरचे बिल्ले लावलेला, साडेनऊ फुटी पंखांचा. १९८२ मध्ये हे पक्षी जगात बावीस उरले होते, १९८७ मध्ये रानातला शेवटचा पकडून पिंजऱ्यात नेला, आणि तिथून वाढवून पुन्हा सोडले. आज पाचशेच्या वर आहेत, आणि त्यांना मारणाऱ्या कारणांत शिसं अजूनही पहिलं. शिकारी आतडी रानात टाकून जातो, ती हे खातात. आमच्याकडे कोकणात गिधाडं गेली ती गुरांच्या डायक्लोफेनॅकने. २००६ मध्ये ते औषध गुरांना देणं बंद झालं, पण माझ्या लहानपणी मेलेल्या बैलावर उतरणारा थवा माझ्या मुलीने पाहिलेला नाही. दोन, घरात लहान पोर असेल तर त्याच्या ताटात काय वाढतोय हे आपल्याला माहीत हवं. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले, तेव्हा अन्नवाटप केंद्रांना ते मांस वाटू नका असं सांगावं लागलं होतं.

मांस म्हणाल तर खांद्याची सागोती आम्ही घरच्या मसाल्यात करतो, सुक्या खोबऱ्याचं वाटप लावून, सोबत वडे. रानडुकरात ट्रिकिनेलाचे कृमी असू शकतात, त्यामुळे आतलं तापमान ७१ अंशांवर जाईपर्यंत चूल सोडायची नाही. मंद आचेवर तीन तास. बायको मधूनमधून थर्मामीटर खुपसते आणि मेहुणा मधूनमधून झाकण उघडून तुकडा पळवतो.

तर माझा कौल. डुक्कर मुख्य असेल आणि बहुतेक मार दीडशे यार्डांच्या आतला असेल, तर .३०८ आणि एकशे तीस ग्रेनची टोपीवाली तांब्याची गोळी. लांब नळी असेल तर एकशे पन्नासही चालेल, त्यापुढे जाऊ नका. हरीणच मुख्य असेल आणि मारणाऱ्याचा खांदा नाजूक असेल तर ६.५, तीनशे यार्डांची हौस सोडून. .२४३ मी नव्या माणसाला डुकरासाठी घ्यायला सांगणार नाही. हरणाला आणि छोट्या मादीला, शंभर यार्डांच्या आत, बाजूने उभी असताना, ती पुरेशी आहे. यातली एकही अट सुटली की तिचा भरवसा धरू नये.

मागच्या महिन्यात बायकोला म्हटलं, तुझी .२४३ काढून टाकू, दुसरी .३०८ घेऊ, दस्त्याला मऊ रबराची पाठ लावून देतो. ती त्या वेळी कणीक मळत होती. तिने खिडकीतल्या बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रायफल राहू दे," म्हणाली. "तुम्ही मला नराजवळ नेऊ नका, म्हणजे झालं."

सप्टेंबरात तिने तिची टोपीवाल्या गोळ्यांची पेटी स्वतः जाऊन आणली. कप्प्यात माझ्या पेटीच्या बाजूला ठेवली आहे, वर मराठीत लिहून: फक्त माद्या.